पेनांगला जाताना पोटाचं वेळापत्रक आधी

परदेशी सहलीचा बेत ठरला की आपल्याकडे आधी स्थळांची यादी निघते. सकाळी डोंगर, दुपारी मंदिर, संध्याकाळी किनारा आणि जेवण जमेल तिथे. मलेशियातल्या पेनांग बेटावर जाताना हा क्रम उलटा करा, असं मी आग्रहानं सांगेन. इथलं मंदिर सकाळी हुकलं तर दुपारी बघता येतं. पदार्थांचं तसं नाही. कुठला गाडा सकाळी लागतो आणि माल संपला की दुपारीच आवरतो, तर कुठला अंधार पडल्यावरच पेटतो. आठवड्याची सुट्टीही प्रत्येकाची वेगळी.

मलाक्काच्या सामुद्रधुनीतलं हे डोंगराळ बेट सुमारे २९५ चौरस किलोमीटरचं, म्हणजे मुंबईच्या साधारण निम्मं. १७८६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या फ्रान्सिस लाइटनं इथे ठाणं वसवलं आणि जकात न घेणारं बंदर सुरू केलं. दक्षिण चीनमधले मजूर, तमिळ मुसलमान व्यापारी, सुमात्रा, सयाम आणि ब्रह्मदेशातले दर्यावर्दी अशी सगळी माणसं या बंदरात उतरली आणि राहिली. त्यांचं जॉर्जटाउन शहर २००८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. कपितान केलिंग मशिदीच्याच रस्त्यावर सेंट जॉर्ज चर्च आणि कुआन यिन देवीचं चिनी मंदिर आहे, शेजारच्याच गल्लीत मारिअम्मनचं देऊळ. या शेजाराचा खरा अर्थ कळतो तो मात्र ताटात.

बांगडा, चिंच आणि कळी

सुरुवात आसाम लाक्सापासून करावी. तांदळाच्या जाडसर शेवया आणि त्यावर माशाचा आंबट, तिखट, पातळ रस्सा. या रश्श्यात शिजवून कुस्करलेला मासा असतो तो ‘केम्बुंग’, म्हणजे आपला बांगडाच. आंबटपणा येतो चिंचेनं आणि ‘आसाम गेलुगोर’च्या वाळवलेल्या चकत्यांनी. हे फळ आपल्या कोकमाच्याच कुळातलं. वाडग्यात वरून काकडी, अननस, कांदा, पुदिना आणि आल्याच्या जातीतल्या एका फुलाची गुलाबी कळी बारीक चिरून पडते. शेवटी चमचाभर काळपट, गोडसर, दाट कोळंबीचा अर्क मिळतो. तो हळूहळू रश्श्यात कालवत गेलं की प्रत्येक घासाची चव थोडी बदलते. सोलकढी आणि बांगड्याच्या तिखल्यावर वाढलेल्या जिभेला हा वाडगा परका वाटत नाही.

दुसरा पदार्थ ‘चार क्वे तिओ’. तांदळाच्या रुंद, मऊ पट्ट्या भडक्या आगीवर परतलेल्या. चांगला कारागीर एका वेळी एकच बशी करतो. तापून धुरावलेल्या कढईत चरबी आणि लसूण, मग कोळंबी, मग पट्ट्या आणि सोया सॉस. सगळं एका बाजूला सारून मोकळ्या जागेत अंडं फोडायचं, मोड आलेले मूग आणि चिनी लसणीची पात टाकायची, शिंपल्यांचं मांस अगदी शेवटी, म्हणजे ते चिवट होत नाही. झारा थांबत नाही आणि पट्ट्या तुटतही नाहीत. कढईचा धुरकट वास बशीत उतरला की पदार्थ जमला. दहा बशा एकदम टाकणाऱ्याकडे तो वास येत नाही. म्हणूनच रांग हळू सरकत असेल तर वैतागू नका, थांबा.

तिसरा ‘नासी कांदार’. तमिळ मुसलमान विक्रेते कावडीला एकीकडे भात आणि दुसरीकडे कालवण लावून गोदीतल्या कामगारांना विकत फिरत, तिथून हा प्रकार आला. कॅम्बेल स्ट्रीटवरचं ‘हमीदिया’ १९०७ पासूनचं. भातावर एकच रस्सा न मागता दोन-तीन रस्से एकत्र ओतायला सांगावेत. जाणकार तसंच खातात.

उन्हाच्या वेळी चेंडोल. बर्फाचा चुरा, नारळाचं दूध, पानदानच्या पानांनी हिरव्या झालेल्या तांदळाच्या शेवया, राजमा आणि माडाच्या गुळाचा पाक. जायफळाच्या फळाच्या गराचं सरबत आणि मुरवलेल्या फोडी चौरास्ता बाजारात मिळतात.

ही चव टिकावी म्हणून ठरावीक पदार्थ परदेशी कामगारांनी शिजवू नयेत, असा नियम पेनांगनं २०१६ पासून लागू केला. एखाद्या सरकारनं रस्त्यावरच्या कारागिरीला इतकं मोल द्यावं, ही मला मोठी गोष्ट वाटते.

दिवस कसा आखावा

मुक्काम जॉर्जटाउनमध्येच करा. बातू फेरिंगीचा किनारा देखणा आहे, पण तिथे राहिलात तर प्रत्येक जेवणाला शहरापर्यंतचा प्रवास पडेल. चार रात्री तरी हाताशी असाव्यात.

दिवसाला तीन मोठी जेवणं ठेवू नका, पाच-सहा छोटी खाणी ठेवा. बशा लहान असतात. चौघांत दोन मागवून वाटून घ्या. जुन्या चहा-कॉफीच्या दुकानांत, म्हणजे कोपितियाममध्ये, मालक फक्त पेयं विकतो आणि आवारातले गाडे निरनिराळ्या लोकांचे असतात. गाड्यावर पदार्थ सांगायचा, आपलं टेबल दाखवायचं आणि बशी आली की तिथल्या तिथे पैसे द्यायचे. जागा अडवली म्हणून एखादं पेय दुकानातून घेणं ही तिथली रीत आहे. सुटी रिंगिट खिशात हवीत.

स्थळं या खाण्यांच्या मधे बसवा. पेनांग हिलवर १९२३ पासून दोराच्या साहाय्यानं चालणारी रेल्वे जाते. सकाळी लवकर गेलात तर रांग कमी आणि हवा स्वच्छ. खाली उतरलं की जवळच केक लोक सी हे भव्य बौद्ध मंदिर आणि त्याच्या पायथ्याशी आयर इतामचा बाजार, तिथे लाक्सा. दुपारच्या उन्हात जॉर्जटाउनमधली खू कोंगसीसारखी चिनी कुलमंदिरं बघावीत. पाण्यात खांब रोवून बांधलेल्या चिउ जेटीच्या वस्तीत संध्याकाळी जा. तिथे लोक राहतात, त्यांच्या दारात डोकावून फोटो काढू नका. अंधार पडला की चुलिया स्ट्रीट, किंबर्ले स्ट्रीट किंवा न्यू लेन. एक दिवस बेटाच्या पश्चिमेला, बालिक पुलाऊच्या बागांसाठी. जून-जुलैत तिथे झाडाखाली जाळी बांधून आपोआप पडलेले दुरियान झेलतात. फळ बागेतच खा, हॉटेलं ते आत आणू देत नाहीत.

शाकाहारी मंडळींसाठी

नुसतं ‘मांस नको’ सांगून भागत नाही. जवळ्याची आंबवून वाळवलेली वडी, म्हणजे ‘बलाचान’, भाजीतही असते. खात्रीचे मार्ग दोन: लिटल इंडियातली केळीच्या पानावरची जेवणं आणि चिनी बौद्धांची शाकाहारी दुकानं. यातली अनेक कांदा-लसूणही वापरत नाहीत. चिनी नवव्या महिन्याचे पहिले नऊ दिवस, साधारण ऑक्टोबरच्या सुमारास, नऊ सम्राट देवांचा उत्सव असतो. तेव्हा बरेच लोक मांसाहार सोडतात आणि पिवळ्या निशाणांचे शाकाहारी गाडे जागोजागी लागतात. शाकाहारी कुटुंबानं जावं तर तेव्हाच.

कधी, कसं

डिसेंबर ते फेब्रुवारी हवा कोरडी. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाऊस जास्त, छत्री हवीच. चिनी नववर्षाला बरेच गाडे काही दिवस बंद असतात आणि रमजानमध्ये मुस्लिम खाणावळींच्या दिवसाच्या वेळा बदलतात. तारखा आधी पाहा. क्वालालंपूरहून विमानानं तासाभरात पोचता येतं. पण वेळ असेल तर रेल्वेनं बटरवर्थपर्यंत जाऊन फेरीबोटीनं बेटावर उतरा. भारतीयांना डिसेंबर २०२३ पासून तीस दिवसांपर्यंत व्हिसामाफी मिळाली. ही सवलत मुदतीची आहे, त्यामुळे तिकीट काढण्याआधी ती चालू असल्याची खात्री करा. पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन आगमनपत्रही भरावं लागतं.

सहल कंपनीबरोबर जाणार असाल तर पैसे भरण्यापूर्वी दोन गोष्टी मागून घ्या: हॉटेलचं रात्रीचं जेवण वगळा आणि दोन संध्याकाळी पूर्ण मोकळ्या ठेवा. तेवढं मिळत नसेल तर पेनांगला स्वतःच्या आखणीनंच जा.