समजून घ्या : मोरगावच्या कऱ्हाकाठी सुमात्राची राख कशी आली?

राज्याने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. इंदापूरहून बारामतीमार्गे जुन्नरकडे कॅम्परव्हॅनने निघालात, तर अष्टविनायकाच्याच वाटेवर पृथ्वीचा इतिहासही वाचता येतो.

वाटेत जीवाश्म दिसतील का?
ती अपेक्षा नको. इथला काळा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होऊन तयार झाला. अशा खडकात जीवाश्म सहसा टिकत नाहीत. डायनासोरचे अवशेष पाहायचे तर गडचिरोलीतील सिरोंचा परिसर गाठावा लागतो.

मग मोरगावात काय आहे?
बारामती तालुक्यातील मोरगावजवळ कऱ्हेच्या काठी ज्वालामुखीच्या राखेचा पांढुरका थर आहे. जुन्नर तालुक्यात बोरी येथे कुकडीकाठीही तशीच राख सापडली. दोन्ही ठिकाणी आदिमानवाची दगडी हत्यारे मिळाली आहेत. ही राख सुमारे ३,००० किलोमीटरवरच्या सुमात्रा बेटातील टोबा ज्वालामुखीची मानली जाते. तिचे बारीक, काचेसारखे कण वाऱ्याने इथवर आले.

वाद कशाचा?
टोबाचे उद्रेक अनेकदा झाले. ही राख सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची, असे काही संशोधक म्हणतात. इतरांच्या मते ती सात-आठ लाख वर्षे जुनी आहे. हत्यारे राखेच्या थराखाली जागच्या जागी असतील, तर ती राखेहून जुनी ठरतात. पण पुराने राख वाहून पुन्हा साचली असेल, तर हा हिशेब चुकतो.

गुहा कुठे?
बोरीहून पुढे लेण्याद्री. इथली सुमारे ३० लेणी निसर्गाने घडवलेली नाहीत. साधारण पहिल्या ते तिसऱ्या शतकात ती याच बेसाल्टमध्ये कोरली गेली. सातव्या लेण्यात गिरिजात्मजाचे स्थान आहे.

पर्यटकांनी काय पाळावे?
नदीकाठचा दगड आठवण म्हणून उचलू नका, राखेचा थर उकरू नका आणि गाडी पात्रात उतरवू नका. हत्यार कोणत्या थरात होते, हाच त्याच्या वयाचा पुरावा असतो. जागेवरून हलवले की उरतो तो नुसता दगड. तेव्हा फोटो काढा आणि दगड तिथेच राहू द्या.