फवारणीचा पडदा पंप : रचना, कार्य आणि लाभ

श्रीगोंद्याची लिंबूबाग असो, राहाता-संगमनेर परिसरातील डाळिंब असो की पारनेरचा कांदा, अहिल्यानगर जिल्ह्यातील शेतकऱ्याला पीक वाचविण्यासाठी फवारणीचा पंप पाठीवर घ्यावाच लागतो. हा पंप गळका असेल तर औषध थेट पाठीवर झिरपते आणि त्वचेवाटे शरीरात जाते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्या दुर्घटनेची कारणे एकाहून अधिक होती. तथापि, फवारणीचे साधन निर्दोष असणे किती अगत्याचे आहे, याची जाणीव तिने सर्वांस करून दिली. पंपातील गळतीचे एक प्रमुख कारण मुळातच दूर करणारी रचना म्हणजे डायफ्रॅम पंप, अर्थात पडदा पंप होय.

भात्याचेच तत्त्व

लोहाराचा भाता ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या पंपाचे कार्य सहज उमजेल. भाता उघडला की हवा आत येते आणि दाबला की नळीवाटे बाहेर पडते. पडदा पंपात कातड्याच्या जागी लवचीक रबरी पडदा आणि हवेच्या जागी द्रव असतो. पडदा मागे ओढला जाताच कप्प्यातील जागा वाढते, दाब घटतो, आतली झडप उघडते आणि द्रव आत येतो. पडदा पुढे ढकलला जाताच ती झडप मिटते, दुसरी उघडते आणि द्रव बाहेर फेकला जातो. काही पंपांत ही हालचाल हाताच्या दांड्याने होते, तर बॅटरीवर चालणाऱ्या बहुतेक पंपांत १२ व्होल्टची लहान मोटर ती घडवून आणते.

लाभ कोणते?

दट्ट्याच्या पंपात दट्ट्या नळकांड्यात सतत घासतो. वॉशर झिजला की औषध बाजूने निसटते. पडदा पंपात द्रव एका बाजूस व यंत्र दुसऱ्या बाजूस राहते आणि मध्ये अखंड पडदा असतो. घासणारा भाग द्रवाच्या संपर्कात येतच नाही. त्यामुळे चुनामिश्रित बोर्डो मिश्रण किंवा पाण्यात मिसळावयाच्या भुकटीतील खरखरीत कणांनी पंप लवकर झिजत नाही. टाकी रिकामी होऊन तो थोडा वेळ कोरडा चालला तरी सहसा बिघडत नाही.

याच गुणांमुळे उद्योगांनीही या पंपाचा स्वीकार केला. अमेरिकेतील जिम विल्डन यांनी १९५५ मध्ये दाबलेल्या हवेवर चालणारा दुहेरी पडद्याचा पंप तयार केला. एक पडदा द्रव ढकलत असता दुसरा तो ओढून घेतो. गाळ आणि दाहक रसायने हलविण्यास असे पंप वापरतात. पाणीपुरवठा योजनांत जंतुनाशक द्रावण मोजून सोडण्याचे कामही लहान पडदा पंप करतात.

मर्यादा आणि निगा

या पंपातून द्रव ठोक्याठोक्याने येतो. म्हणून दांड्याच्या पंपास प्रवाह एकसारखा करणारा दाबकप्पा जोडलेला असतो. विहिरीवरून उसाला पाणी देण्यासारख्या मोठ्या कामाला सेंट्रिफ्यूगल पंपच योग्य होय.

पडदा हा या पंपाचा प्राण आहे. तो फाटला की औषध यंत्राच्या बाजूस उतरते आणि सारा लाभ नाहीसा होतो. काही औषधांतील तेलकट द्रावकांमुळे रबर फुगते वा ताठरते. यास्तव फवारणी संपताच टाकीत स्वच्छ पाणी घालून पंप दोन-तीन वेळा चालवावा. ते पाणी विहीर, ओढा वा कालव्यात सोडू नये. पंप उन्हात ठेवू नये. पडद्यास चीर दिसताच तो बदलावा. तुंबलेली तोटी तोंडाने फुंकू नये. नळीचे जोड व टाकीचे झाकण स्वतंत्रपणे तपासावे, कारण तेथील गळती पडदा रोखू शकत नाही.

पंप कितीही चांगला असला तरी हातमोजे, तोंडावरील आवरण आणि अंगभर कपडे यांना पर्याय नाही. फवारणीस निघण्यापूर्वी टाकीत नुसते पाणी भरून पंप चालवून पाहावा. या पाच मिनिटांच्या तपासणीत दिसलेली गळती पाण्याची असते; शेतात गेल्यावर दिसलेली गळती विषाची असते.