ओस पडलेली पेठ पुन्हा भरते कशी?

गाव कसे आहे हे पाहायचे असेल तर त्याच्या पेठेतून एक फेरी मारावी. दुकाने उघडी आणि माणसांची वर्दळ असेल तर गाव जिते आहे. ओळीने कुलपे दिसली तर कुठे तरी बिघडले आहे हे ओळखावे. अमेरिकेसारख्या धनाढ्य देशातही कित्येक गावांच्या पेठा अशा ओस पडल्या होत्या. त्या पुन्हा उभ्या करण्याच्या कामात नफा न कमावणाऱ्या संस्थांनी पुढाकार घेतला. हे काम कसे चालते, ते या लेखात मांडत आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे घरोघरी मोटार आली. १९५६ च्या कायद्याने देशभर महामार्गांचे जाळे विणले जाऊ लागले. लोक गावाबाहेरच्या नव्या वस्त्यांत गेले आणि त्यांच्यामागून दुकानेही गेली. तिकडच्या बाजारसंकुलात मोटार उभी करायला फुकट जागा. मग जुन्या पेठेत कोण येणार? पुष्कळ दुकानदारांनी नवेपणा आणण्यासाठी विटांच्या सुंदर दर्शनी भिंतींवर ॲल्युमिनियमचे पत्रे ठोकले. तरी गिऱ्हाईक परतले नाही. शहरांतून सरकारी पैशाने जुन्या वस्त्या पाडण्याचे धोरण चालू होते. १९६१ मध्ये जेन जेकब्ज या लेखिकेने त्यावर कडाडून टीका केली. जुन्या इमारतींचे भाडे कमी असते, म्हणून नवा आणि लहान धंदा तेथेच तग धरू शकतो, हा त्यांचा एक महत्त्वाचा मुद्दा होता.

'नॅशनल ट्रस्ट फॉर हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशन' ही १९४९ मध्ये स्थापन झालेली संस्था मुळात ऐतिहासिक वास्तू जपणारी. १९७७ मध्ये तिने इलिनॉयमधील गेल्सबर्ग, इंडियानातील मॅडिसन आणि दक्षिण डकोटातील हॉट स्प्रिंग्ज ही तीन गावे प्रयोगासाठी निवडली. प्रत्येक ठिकाणी एक पूर्णवेळ व्यवस्थापक नेमला. त्या अनुभवावर १९८० मध्ये 'नॅशनल मेन स्ट्रीट सेंटर' स्थापन झाले. ही चळवळ आजही चालू आहे.

तिची चार अंगे आहेत. पहिले संघटन: दुकानदार, घरमालक, बँका, नगरपालिका आणि रहिवासी यांना एका समितीत आणणे. दुसरे रूप: पत्रे काढून मूळ भिंती मोकळ्या करणे, पाट्या नीटनेटक्या करणे. तिसरे प्रचार: सर्वांची मिळून जाहिरात, उत्सव, बाजाराचे दिवस. चौथे अर्थकारण: गावात कोणत्या मालाला मागणी आहे ते पाहणे, रिकाम्या माड्यांवर बिऱ्हाडे आणणे.

यातले खरे मर्म मला असे वाटते: बाजारसंकुलाला एक मालक असतो. दुकाने केव्हा उघडायची, जाहिरात कशी करायची, हे तो एकटा ठरवतो. पेठेला मात्र शंभर मालक, आणि शंभर मते! संस्थेच्या हाती हुकूम नसतो, तिजोरीही मोठी नसते. तिचा माणूस दुकानोदुकानी फिरून समजूत घालतो आणि शंभर जणांना एका विचाराने वागायला शिकवतो. भिंतीला रंग देण्यापेक्षा हे काम कितीतरी कठीण आहे.

परंतु एक प्रश्न उरतोच. पेठ भरली की जागेची किंमत वाढते, आणि पाठोपाठ भाडेही वाढते. दुकान स्वतःच्या मालकीचे असेल तर दुकानदाराचे भले होते. तो भाडेकरू असेल तर ज्या भरभराटीसाठी तो राबला, तीच त्याला बाहेर काढू शकते. जेकब्ज यांनी सांगितलेले कमी भाड्याचे महत्त्व येथे पुन्हा आठवते. इमारती वाचल्या, पण त्यांत बसणारी माणसे गेली, तर वाचवले ते काय? म्हणून सुधारलेल्या पेठेचे कौतुक करताना दर्शनी भिंतींबरोबर गल्ल्यावरची माणसेही पाहावीत. त्यांत जुनी किती उरली, यावरूनच त्या कामाचे मोल ठरवावे, असे मला वाटते.