रक्ताचे खाते

रविवारच्या चहाबरोबर हा असला विषय कशाला, असे आमच्या सौ.नेही विचारले. गुप्तरोग, आणि तेही तुरुंगातले! पण काही वर्षांपूर्वी विदर्भातल्या एका तुरुंगात पुस्तकांचे दोन गठ्ठे द्यायला गेलो होतो. तिथे विशी-बाविशीच्या एका कच्च्या कैद्याने मला बाजूला घेऊन विचारले,

“साहेब, रक्त तपासलं तं घरी मालूम पडते का जी?”

मनगटावर बायकोचे नाव गोंदलेले. ते आतच गोंदवले होते; शिवणाची सुई आणि शाई. तीच सुई आणखी चौघांच्या हातावर फिरलेली. बायको गरोदर होती. मी जन्मभर बँकेत काढलेला माणूस. कुणाच्या खात्यात किती शिल्लक, हे त्याच्या सख्ख्या भावालाही सांगायचे नाही, एवढे मला कळते. रक्ताच्या खात्याचे नियम ठाऊक नव्हते. “डॉक्टरांना विचार,” असे गुळमुळीत बोलून मी सटकलो.

मग सेवाग्रामच्या एका डॉक्टर मित्राला गाठले. तो म्हणाला, पुष्कळांना दुखणे बाहेरच जडलेले असते. आत आल्यावर त्याला वाट मिळते: दाटीची बराक, दोघा-तिघांत एक ब्लेड, गोंदणाची किंवा नशेची सुई, पुरुषापुरुषांतले संबंध. ते कधी राजीखुशीचे, कधी दहशतीचे. आणि दहशतीची तक्रार कोण करणार? कच्चा कैदी जामिनावर घरी जातो, तसे दुखणेही घरी जाते. गरमीचेच बघा. पहिला व्रण दुखत नाही, आपोआप जातो. माणूस समजतो, सुटलो. रोग मात्र अंगात राहतो आणि गरोदर बायकोकडून पोटातल्या बाळापर्यंत पोचतो. सुरुवातीलाच कळले तर पेनिसिलिनचे एक इंजेक्शन पुरते! एचआयव्हीची औषधेही सरकारी दवाखान्यांत २००४ पासून मोफत मिळू लागली. ती नेमाने घेऊन विषाणू चाचणीत सापडेनासा झाला, की संबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही.

तरी पोरगा घाबरला, यात नवल नाही. गोव्यात १९८९ साली रक्तदान करणाऱ्या डॉमिनिक डिसोझा या तरुणाच्या रक्तात एचआयव्ही निघाला, तर पोलिसांनी त्याला नेले आणि ६४ दिवस एकटे कोंडून ठेवले. गुन्हा काहीच नव्हता.

त्याआधीची गोष्ट आमच्या वर्ध्याची. परचुरेशास्त्री १९३२ साली येरवड्याच्या तुरुंगात होते. महारोग झाला म्हणून त्यांना वेगळे ठेवले होते. गांधीजीही तेव्हा त्याच तुरुंगात. पुढे १९३९ साली शास्त्रीबुवा सेवाग्रामला आले. गांधीजींनी आपल्या कुटीजवळ त्यांना ठेवून घेतले आणि स्वतःच्या हातांनी मालिश केली. परचुरे कुटी आजही आश्रमात आहे. सहलीची पोरे तिच्यासमोरून पळत जातात.

मित्राने कायदाही सांगितला. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार समजावून, संमती घेऊनच रक्त तपासायचे आणि निकाल गुप्त ठेवायचा. मात्र बायकोला धोका असेल आणि समजावूनही नवरा तिला सांगत नसेल, तर त्याला कल्पना देऊन डॉक्टर तिला सांगू शकतात. म्हणजे हे खाते बँकेच्या खात्यासारखे नाही. हे त्या पोराला कसे सांगायचे, याची जुळवाजुळव मी बसमध्ये करत होतो.

तो जामिनावर सुटून गेला होता. ग्रंथालयाच्या वहीत त्याच्या नावावर एक पुस्तक बाकी दिसले.