पाणबुडी तळाला लागते तेव्हा

संगणकाच्या पडद्यावर खेळावयाच्या युद्धखेळांत पाणबुडीचा खेळ काहीसा निराळा आहे. त्यात धावपळ थोडी आणि वाट पाहणे फार. 'सायलेंट हंटर' या नावाची खेळांची मालिका १९९६ साली सुरू झाली आणि तिच्यातील चौथा खेळ २००७ साली निघाला. या चौथ्या खेळात खेळणारा हा दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन पाणबुडीचा कप्तान होतो आणि पॅसिफिक महासागरात जपानी जहाजांच्या शोधार्थ हिंडतो. जहाज दृष्टीस पडेपर्यंत त्याला कित्येक दिवस नुसता समुद्र कापावयाचा असतो. पुष्कळदा असे घडते, की शत्रूची गाठ पडण्यापूर्वीच नवशिक्या कप्तानाची पाणबुडी एखाद्या बेटाच्या कडेला किंवा उथळ पाण्यात रुतून बसते आणि सारी मोहीम तेथेच आटोपते.

याचे कारण खेळाच्या रचनेतच आहे. कप्तान नकाशावर एकामागून एक बिंदू मांडतो आणि त्यांना जोडणाऱ्या रेषेवरून पाणबुडी निमूटपणे जाते. ती रेषा खडकावरून गेली आहे काय, हा विचार पाणबुडी करीत नाही. सारा महासागर एका दृष्टिक्षेपात यावा म्हणून नकाशा लहान केलेला असतो. त्यात लहानसे बेट टिंबाएवढेही दिसत नाही. त्यातून प्रवास कंटाळवाणा म्हणून काळाचा वेग हजारपटीने वाढविण्याची सोय असते. ताशी १० सागरी मैल जाणारी पाणबुडी अशा वेळी खेळणाऱ्याच्या घड्याळातील एका मिनिटात १६० मैलांहून अधिक अंतर तोडते. चहाचा पेला घेण्यास तो उठला, तेवढ्यात एखादा द्वीपसमूह येऊन ठेपतो. बुडाखाली पाणी किती आहे हे विचारण्याची सोय खेळात आहे. पण ज्याला संशयच आला नाही, तो विचारील कशाला?

तरीही एका बाबतीत हा खेळ खेळणाऱ्यावर फार कृपा करतो. आपली पाणबुडी कोठे आहे हे नकाशावरील खूण त्याला सदैव अचूक दाखविते, आणि नकाशाही खोटे बोलत नाही. म्हणून खेळातील अपघात हा निव्वळ दुर्लक्षाचा असतो. खऱ्या समुद्रात या दोन्ही गोष्टींची शाश्वती नसते. दक्ष आणि अनुभवी माणसांच्या पाणबुड्याही खडकावर का चढतात, याचे उत्तर तेथेच सापडते.

ज्या समुद्रात हा खेळ चालतो, त्याच समुद्रातील १९४४ सालची एक हकीकत पाहण्याजोगी आहे. फिलिपाइन्समधील पालावान बेटाच्या पश्चिमेस जहाजांना जाण्याजोगी एक चिंचोळी पट्टी आहे. तिच्या पलीकडचा प्रदेश प्रवाळांच्या खडकांनी इतका भरलेला आहे, की सागरी नकाशांवर त्याचे नावच 'डेंजरस ग्राउंड', म्हणजे धोक्याची जागा, असे छापतात. २३ ऑक्टोबर १९४४ च्या पहाटे 'डार्टर' आणि 'डेस' या दोन अमेरिकन पाणबुड्यांनी या पट्टीत ॲडमिरल कुरिता यांच्या आरमारास गाठले. कुरिता यांचे स्वतःचे जहाज 'अतागो' हे 'डार्टर'ने बुडविले. 'माया' हे जहाज 'डेस'ने बुडविले. 'ताकाओ' हे तिसरे जहाज जबर जखमी झाले आणि विनाशिकांच्या सोबतीने परत फिरले. त्याला गाठून संपविण्याच्या इराद्याने रात्री दोन्ही पाणबुड्या पृष्ठभागावरून पाठलागास लागल्या.

'डार्टर'चे कप्तान डेव्हिड मॅक्लिंटॉक यांना खडकांचा पत्ता नव्हता असे मुळीच नव्हे. अडचण होती ती स्वतःच्या ठिकाणाविषयी. त्या काळी भर समुद्रात जहाजाचे स्थान सूर्य आणि तारे पाहून काढावे लागे. आकाश झाकलेले असले म्हणजे एकच उपाय उरे. शेवटचे खात्रीचे ठिकाण धरावयाचे, वेग, दिशा आणि गेलेला काळ यांचा हिशेब करावयाचा आणि नकाशावर अदमासाने खूण करावयाची. हा हिशेब पाण्याच्या वेगापुरता बरोबर असतो. परंतु पाणी स्वतःही वाहत असते. प्रवाहाचा अंदाज ताशी केवळ पाव मैलाने चुकला, तरी २४ तासांत नौका नकाशावरील खुणेपासून ६ सागरी मैल दूर गेलेली असते. नकाशावर काढलेल्या टिंबाभोवती खरे तर एक वर्तुळ असते आणि ते तासातासाला मोठे होत जाते. रुंद समुद्रात त्याची फिकीर करावी लागत नाही. पट्टीच जेथे थोड्या मैलांची, तेथे ते वर्तुळ खडकांना जाऊन भिडते.

'डार्टर'ला सुमारे एक दिवस ताऱ्यांचा आधार मिळाला नव्हता. २४ ऑक्टोबर सुरू होऊन काही मिनिटे झाली होती, तोच ताशी १७ मैलांच्या वेगाने ती एका प्रवाळ-खडकावर चढली. त्या खडकाचे नाव 'बॉम्बे शोल'. मुंबईपासून इतक्या दूर, चीनच्या समुद्रात हे नाव वाचताना मराठी माणसास थोडे नवल वाटेल. कप्तानाने सामान समुद्रात टाकून नौका हलकी केली आणि भरतीची वाट पाहिली. पण ती जागची हलेना. अखेर गुप्त कागद नष्ट करून साऱ्या खलाशांना रबरी होड्यांतून 'डेस'वर उतरविण्यात आले. एकही माणूस दगावला नाही. रिकामी पाणबुडी शत्रूच्या हाती पडू नये म्हणून 'डेस'ने तिच्यावर पाणतीर सोडले. ते मधल्या खडकावरच फुटले. पुढे ३१ ऑक्टोबरला 'नॉटिलस' या पाणबुडीने तोफा डागून तिची उरलीसुरली मोडतोड केली. दोन पाणबुड्यांची माणसे पोटात घेऊन 'डेस' ६ नोव्हेंबरला ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल बंदरास पोचली. मॅक्लिंटॉक आणि त्यांची माणसे पुढे एकत्रच 'मेनहॅडन' या नव्या पाणबुडीवर गेली.

आज होकायंत्राच्या जोडीला घूर्णी यंत्रे आली आहेत. उपग्रहांवरून स्थान काढण्याचीही सोय आहे. मात्र त्या लहरी पाण्यात खोल शिरत नाहीत, त्यासाठी पाणबुडीला निदान दांडा बाहेर काढण्याइतके वर यावेच लागते. एकूण पाहता, 'डार्टर'ची अडचण आता पुष्कळच कमी झाली आहे. परंतु ८ जानेवारी २००५ रोजी ग्वाम बेटाच्या आग्नेयेस जे घडले, त्यात चूक वेगळ्याच ठिकाणी होती.

'सॅन फ्रान्सिस्को' ही अमेरिकेची अणुशक्तीवर चालणारी पाणबुडी ब्रिस्बेनकडे निघाली होती. सुमारे १६० मीटर खोलीवरून पूर्ण वेगाने जाताना ती समुद्रातील एका डोंगरावर आदळली. एक खलाशी मृत्यू पावला आणि ९८ जण जखमी झाले. नाकाड चेपून गेले, पुढील टाक्या फुटल्या. पण माणसे ज्यात राहतात ते आतले मजबूत कवच टिकले, म्हणूनच ती वर येऊ शकली आणि दोन दिवसांनी ग्वामला परतली. पाणबुडीस आपले स्थान ठाऊक होते. मात्र त्या दिवशी वापरात असलेल्या नकाशावर तो डोंगर नव्हता. नौकेवरच्याच दुसऱ्या नकाशांवर त्या भागात धोक्याची सूचना होती. ती या नकाशावर उतरवून घेण्यात आलेली नव्हती. चौकशीत याचा ठपका नौकेवरील अधिकाऱ्यांवर आला आणि कप्तानास पद सोडावे लागले.

पाणबुडीस पुढचा डोंगर दिसू नये, ही गोष्ट सामान्य माणसास चमत्कारिक वाटेल. आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकण्याचे यंत्र तिच्यापाशी असतेच. पण अंधारात कंदील लावणाऱ्यास जसे सारे पाहतात, तसा आवाज करणाऱ्याचा ठाव दुरूनही लागतो. म्हणून पाणबुडी बहुधा स्वतः गप्प राहून दुसऱ्यांचे आवाज ऐकते. आणि डोंगर आवाज करीत नाही. तळाची खोली मोजणारे यंत्र खाली पाहते, पुढे नव्हे. पूर्वी कोकणातले नाखवे दोरीला शिसे बांधून वावांनी पाणी मोजीत. त्या शिशाचीही हीच मर्यादा होती. पण गलबत वाऱ्यावर सावकाश चाले. ताशी २५ मैल जाणारी नौका मिनिटाला पाऊण किलोमीटर पुढे सरकते. उभ्या कड्याचा डोंगर असेल, तर खालचे पाणी कमी होत असल्याचे कळेपर्यंत वळावयास जागा उरत नाही.

असे डोंगर अजून किती दडलेले आहेत हे सांगता येत नाही. २०२४ पर्यंत जगातील समुद्रतळापैकी नीट मोजणी झालेला भाग जेमतेम चौथा हिस्सा होता. २ ऑक्टोबर २०२१ रोजी दक्षिण चीन समुद्रात 'कनेक्टिकट' ही दुसरी अमेरिकन पाणबुडीही नकाशावर नसलेल्या डोंगरावर आदळली. तेथे जीवितहानी झाली नाही, परंतु तिच्याही कप्तानास दूर करण्यात आले. 'सॅन फ्रान्सिस्को'ला पुढे 'होनोलुलू' या सेवेतून काढलेल्या पाणबुडीचे नाक कापून बसविण्यात आले आणि ती पुन्हा समुद्रात उतरली.

'सायलेंट हंटर' खेळणाऱ्या काही हौशी मंडळींना खेळाची ती सदैव अचूक खूण रुचली नाही. त्यांनी खेळात फेरफार करून नकाशावरील आपल्या नौकेची खूणच पुसून टाकली आणि सूर्यताऱ्यांवरून स्थान काढण्याची तजवीज केली. तशा रीतीने खेळणारा कप्तान आभाळ भरून आले की काळाचा वेग कमी करतो, पेन्सिल घेऊन प्रवाहाचा हिशेब मांडतो आणि बुडाखाली किती पाणी आहे हे वारंवार विचारू लागतो.