एका तारेवरची हजेरी

डीएस18बी20 हा तापमानाचा सेन्सर हातात घेतला तर साधा ट्रान्झिस्टर वाटावा. तीन पाय, काळं डोकं, हरभऱ्यापेक्षाही लहान. असे दहा शेजारी ठेवले तर कोणता कुठला ते सांगता येत नाही. तरी माहितीच्या एकाच तारेवर दहाही जोडा, कंट्रोलर प्रत्येकाला वेगळं ओळखतो. ही ‘वन-वायर’ पद्धत अमेरिकेतल्या डॅलस सेमीकंडक्टरची.

कारखान्यातून निघतानाच प्रत्येक चिपमध्ये 64 बिटांचा क्रमांक कोरलेला असतो. पहिले 8 बिट घराण्याचे, पुढचे 48 ज्याचे त्याचे, शेवटचे 8 पडताळणीचे. तारेवर आडनाव आधी जातं. डीएस18बी20चं घराणं हेक्समध्ये 28, बॅटरीवर नजर ठेवणाऱ्या डीएस2438चं 26.

खरी गंमत हजेरीत आहे. वर्गात सगळेच एकदम बोलले की गोंधळ होतो. इथे कंट्रोलर त्या गोंधळातूनच नावं काढतो. एक रेझिस्टर तारेला वर ओढून धरतो, पण एकाने जरी खाली खेचली तरी ती खालीच येते. म्हणजे शून्याचं पारडं कायम जड. कंट्रोलर पहिला बिट विचारतो. सगळे तो सांगतात आणि लगेच त्याचा उलटा बिटही सांगतात. उत्तरं वेगवेगळी आली तर सगळ्यांचा बिट सारखा. दोन्ही वेळा शून्य आलं तर काहींचा शून्य, काहींचा एक. मग कंट्रोलर एक बाजू निवडतो. दुसऱ्या बाजूचे पुढच्या रिसेटपर्यंत गप्प. अशा 64 फेऱ्यांनंतर एकच उरतो. या सगळ्याला लागतात सुमारे 13 मिलिसेकंद. पुढच्या खेपेला, जिथे फाटा फुटला होता तिथे दुसरी वाट धरायची.

आडनाव आधी असल्यामुळे घराणं निवडणं सोपं जातं. पहिले 8 बिट 28च्या हिशेबाने निवडले की बाकीचे सुरुवातीलाच गळतात. हाती आलेलं आडनाव मात्र तपासायचं. ते घराणं तारेवर नसेलच तर भलताच कोणी पुढे येतो. शिवाय ‘अलार्म सर्च’ नावाची वेगळी हजेरी आहे. तिला फक्त नेमून दिलेली तापमानाची मर्यादा ओलांडलेले सेन्सरच ‘हजर’ म्हणतात.

लिनक्समध्ये हे सगळे ‘28-’ने सुरू होणाऱ्या फोल्डरांच्या रूपात दिसतात. त्यांतला टाकीच्या तळाचा कोणता आणि छताचा कोणता, हे मात्र तारेला ठाऊक नसतं. त्यासाठी एकेक सेन्सर मुठीत धरायचा, कोणत्या फोल्डरातला आकडा चढतो ते बघायचं आणि वायरीला चिकटपट्टी लावून त्यावर पेनाने लिहायचं: ‘तळ’.