मागचा आठवडा विसरू नका

कापडाच्या धंद्यात एक आठवडा माल उठला की पुढचाही बहुधा बरा जातो; मंदी आली की तीही चार-सहा आठवडे मुक्काम ठोकते. हे आपल्याला अनुभवाने ठाऊक आहे, पण साठ्याचा हिशेब मांडताना आपण ते विसरतो. संगणकावर धंद्याची नक्कल चालवून पाहणारेही पुष्कळदा हीच चूक करतात. प्रत्येक आठवड्याची मागणी ते वेगळी चिठ्ठी उचलल्यासारखी धरतात.

फरक किती पडतो ते पाहा. समजा, आठवड्याला सरासरी १०० तागे खपतात आणि चढउतार, म्हणजे प्रमाण विचलन, २० ताग्यांचे आहे. आठवडे स्वतंत्र धरले तर चार आठवड्यांच्या एकूण खपाचे विचलन ४० येते. पण लागोपाठच्या आठवड्यांत ०.५ सहसंबंध असेल आणि तो पुढे निम्म्यानिम्म्याने ओसरत असेल, तर तेच ५७ होते. ४० च्या भरवशावर राहिलात तर तेजीत गिऱ्हाईक परत जाईल आणि मंदीत भांडवल अडकेल.

मागणीचे स्वरूप आणि आठवड्यांचे नाते दोन्ही राखणारी रीत कॅरिओ व बॅरी नेल्सन यांनी १९९६ मध्ये मांडली. ती प्रत्यक्ष आकड्यांवर बसवण्याची पद्धत बिलर व नेल्सन यांनी २००५ मध्ये दिली.

व्यापारी बांधवांनी सुरुवात वहीपासून करावी. खप तारखेच्या क्रमानेच लिहावा. क्रम मोडला की नाते पुसले जाते. ईदचे आठवडे वेगळे काढावेत, कारण ईद दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकते. ते मिसळले तर हिशेब फसतो.